सुनंदाने आखलेली सहल

आमच्या गल्लीत कोणी ऐनवेळी शब्द फिरवला, की लोक म्हणतात, "त्यानं सुनंदा केली." हळदीकुंकवाला येते म्हणून सांगून एखादी आली नाही, की सुनंदा केली. क्रिकेटच्या संघात नाव देऊन पोरगा सकाळी झोपून राहिला, सुनंदा केली. परवा देवळाच्या ओट्यावर सगळे जमले होते. उन्हाळ्यात पुन्हा एकदा सहल काढायचे चालले होते. देवरावांची सून प्रीती हसत हसत म्हणाली, "जायचं तं जाऊ, पन आधीच सांगून ठेवतो, कोनी सुनंदा करायची नाई." तरुण मंडळी हसली. त्यांतल्या निम्म्यांनी सुनंदाला पाहिलेलेही नाही. मग प्रीती माझ्याकडे वळली. "काकाजीले विचारा ना, कसा घोळ घातला होता त्या बाईनं."

मी हो म्हणून मान हलवली. एवढ्या वर्षांत मी ती किती वेळा अशी हलवली असेल, मला सांगता येणार नाही.

घरी आलो, चष्मा पुसला आणि लिहायला बसलो. सुनंदाने त्या सहलीत कोणालाही फसवले नाही. फसवले ते मी. तिला वेगळे आणि गल्लीला वेगळे. पण नुसते एवढे लिहून भागणार नाही. ती बाई होती कशी, हे आधी सांगितले पाहिजे, कारण आमच्या गल्लीत तिचे आता फक्त नाव उरले आहे, आणि तेही असे.

बडनेऱ्याला आमच्या समोरच्या दोन खोल्यांत ती भाड्याने राहायला आली, तेव्हा तिची तेजू पाचवीत होती आणि ओम पहिलीत. माहेर दर्यापूरकडचे, माळ्याचे. बापाची थोडी शेवंती, थोडा झेंडू. नवरा अकोल्याचा. तिथे जुन्या शहरात त्याने दुसरे घर केले होते. भांडण, पंचायत, कोर्ट असे काहीही न करता सुनंदा दोन पोरे आणि एक पत्र्याची पेटी घेऊन निघून आली होती. कोणी विचारले तर म्हणायची, "त्याले दोन घरं पायजे होते, मले एकच."

तिचा धंदा हारांचा. सकाळी अमरावतीच्या फुलबाजारातून माल आणायचा, दारात फतकल मारून बसायचे, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवायचा आणि हार ओवत ओवत अख्ख्या गल्लीशी बोलायचे. मान वर करायची नाही. कोण चालले आहे ते तिला चपलेच्या आवाजावरून कळे. "काकाजी, आज उशीर? काकूनं उठवलं नाई का?" मी सूतगिरणीच्या ऑफिसातून निवृत्त झालेला माणूस. मला उशीर व्हायला दुसरे कारणच नसे.

जीभ तिखट होती. फुकट गजरा मागणाऱ्या बाईला ती म्हणे, "देतो ना. तुमच्या घरी आज सैपाक काय हाय? तिघांचं ताट पाठवा." चिकटही होती. तेव्हा बायकांना एसटीत अर्धे तिकीट नव्हते आणि लेकरांचे अर्धे तिकीट बारा वर्षांपर्यंतच. तेजू वयाच्या मानाने उंच. एसटी दिसली की सुनंदा हळूच म्हणायची, "तेजू, वाक." पोरगी बिचारी खांदे पाडून, गुडघे वाकवून बसायची. एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. कंडक्टरने विचारले, "पोरगी कितवीत?" सुनंदा तोंड उघडायच्या आत ओम ओरडला, "सातवीत!" कंडक्टर हसायला लागला. सुनंदा न हसता म्हणाली, "हुशार हाय म्हनून वरच्या वर्गात टाकली." आणि वर ओमला चिमटा. त्या दिवशी पूर्ण तिकीट पडले आणि घरी येईपर्यंत ती ओमशी बोलली नाही.

पण एका बाबतीत ती भोळी होती, आणि तेच मला लिहायचे आहे. आमच्या दाराच्या चौकटीत एक खिळा आहे. तिची किल्ली त्या खिळ्यावर असे. बाजारात जाताना किल्ली आमच्याकडे, ताप आलेले पोरगे आमच्याकडे, लग्नाच्या ऑर्डरीचे ओले पोते आमच्या न्हाणीत. कोणी तिला म्हटले, "बाई, इतकं कोनावर टाकू नये," तर तिचे उत्तर ठरलेले, "काकाजी हाये ना."

समुद्राचा विषय ओममुळे निघाला. पोरे दिवाळीत आणि उन्हाळ्यात काही दिवस अकोल्याला बापाकडे जात. बाप दर वेळी सांगे, पुढच्या सुट्टीत तुम्हाला समुद्र दाखवतो. वेगळा व्हायच्या आधीही तो हेच सांगत असे. ओम परत आला की गल्लीभर सांगत सुटे, "माझे बाबा मले समुद्रावर नेऊन राहिले." एकदा तो असे सांगत असताना सुनंदाचा दोरा थांबला. मी समोरच्या ओट्यावर पेपर वाचत होतो.

"काकाजी," ती म्हणाली, "हा मानूस नेनार नाई. आन् नेलं तं माये पोरं त्याचे होतीन. काहीतरी एक मी दाखवायले पायजे ना यांले? तो समुद्र मी दाखवतो."

"तू पाहिला आहेस का?"

"मी कुठं पाह्यला! म्हनून तं."

अडचण अशी की एकट्या बाईला दोन पोरे घेऊन जाणे सगळ्यात महाग पडते. खोली चौघांना जेवढ्याला तेवढ्याच भाड्याला तिघांना. गाडी पूर्ण करावी लागते. स्टेशनवर पथारी टाकून राहता येत नाही. सामान सोडून पाणी भरायला जाता येत नाही. ती हे सगळे मनात घोळवत राहिली आणि एका सकाळी येऊन म्हणाली, "गल्लीचीच सहल काढू. मी एकटी गेली तं जीपवाला मले लुटीन. पाच घरं गेले तं आपन त्याले लुटू."

पुढचे कित्येक महिने तिने ती सहल आखली. अमरावतीला एका बँकेत कोकणातून बदलून आलेल्या बाई होत्या, त्या रोज तिच्याकडून गजरा घेत. सुनंदाने त्यांच्याशी सौदा केला, गजरा फुकट, त्याबदली रोज एका प्रश्नाचे उत्तर. समुद्राला लागून देऊळ असलेले गाव कोणते, तिथे धर्मशाळा आहे का, स्वतः रांधून खाऊ देतात का, ओहोटी म्हणजे नेमके काय, पाणी मागे जाते तेव्हा कुठे जाते. शेवटच्या प्रश्नावर त्या बाईंनी हात टेकले म्हणे. "तिलेबी मालूम नाई," सुनंदा विजयाने सांगत आली.

दिवस कोणते धरायचे हेही तिनेच ठरवले. लग्नाची तिथी असली की तिला हलता येत नसे, साऱ्या वर्षाची कमाई त्यातच. म्हणून पंचांगात जिथे लग्नाचे मुहूर्त नाहीत ते मेमधले दिवस तिने धरले. "आपलेबी हात रिकामे आन् जीपवालेबी रिकामे. रिकामा मानूस भाव कमी सांगते." देवराव रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांनी गाड्या सांगितल्या. कल्याणला उतरायचे, तिथून त्या बँकेतल्या बाईंच्या ओळखीची जीप. धर्मशाळेचा एक मोठा हॉल. पीठ, तांदूळ, तिखट घरून न्यायचे. धर्मशाळेची नोंद माझ्या नावावर झाली, कारण फोनवर पुरुषाचा आवाज बरा असे सगळ्यांचे मत पडले. सुनंदाचेही.

लिहायचा तिला कंटाळा. गल्लीचा मोबाइलवर ग्रुप होता, त्यावर ती आवाज भरून पाठवायची. मागे कुकरची शिट्टी, ओमचे रडणे, एसटीचा हॉर्न. "ऐका, हे सुनंदा बोलून राहिली. कल्यानले उतरलं का पुलावर चढाचं नाई, आधी मानसं मोजाची. मंग बॅगा मोजाच्या. मंग चढाचं." असे रोज एकदोन निरोप. बायका ते ऐकत आणि हसत, पण ऐकत.

तिचे सगळेच बरोबर असायचे असे नाही. समुद्रावर ऊन नसते अशी तिची पक्की समजूत होती, पाणी आहे म्हटल्यावर गारवा असणारच. आणि तिने ओकारीची परीक्षा घेतली. कोकणातला रस्ता वळणांचा असतो असे बाईंनी सांगितले होते, म्हणून ज्याला यायचे त्याने आधी दर्यापूरच्या काळीपिवळीत बसून दाखवायचे. एका रविवारी आम्ही अर्धी गल्ली त्या कोंबलेल्या जीपमधून दर्यापूरला जाऊन आलो. काळ्या जमिनीतला सरळसोट रस्ता, वळण कुठले येणार त्यात! पण खड्डे इतके होते की माझ्या बायकोला, शकुंतलेला, जाताना आणि येताना दोन्ही वेळा झाली. सुनंदाने तिची पाठ चोळली, लिंबू हुंगवले आणि सगळ्यांसमोर निकाल सांगितला, "काकू नापास. काकू समोरच्या शिटवर." त्या दिवसाइतके आम्ही सगळे मिळून नंतर कधी हसलो नाही.

निघायला थोडे दिवस उरले होते, तेव्हा पुण्याहून अविनाशचा, माझ्या मुलाचा फोन आला. तो तसा फार येत नसे. दरवेळी कामाचे काही ना काही. या वेळी त्याला सुट्टी मिळाली होती. त्याच्या आईने त्याला सहलीचे सांगितले होते. तो म्हणाला, "बाबा, आम्ही चौघं कल्याणलाच तुम्हाला भेटतो. आई सांगत होती, तुम्ही केवढं आखलंय सगळं. मला वाटलं नव्हतं तुम्ही असं काही कराल."

मी म्हणू शकलो असतो, अरे, मी नाही, समोरच्या सुनंदाने. एवढेच वाक्य होते. मी म्हणालो, "या, या."

जीपमध्ये पोरांना मांडीवर घेऊनसुद्धा जागा मोजून होती. चार माणसे वाढली तर दुसरी गाडी करावी लागणार. अविनाशने ती आनंदाने केली असती. पण मी त्याला विचारले नाही. त्या काळात मी स्वतःला समजावत होतो की जागेचा प्रश्न आहे, नातवंडे वर्षा-दोन वर्षांनी भेटतात, सुनंदा काय, पुढच्या वर्षीही जाईल. आता या वयात मला ते खोटे टिकवता येत नाही. जागा झाली असती. सुनंदा बरोबर असती तर कल्याणच्या फलाटावर पहिल्या पाच मिनिटांत माझ्या मुलाला कळले असते की यातले माझे काहीच नाही. म्हणून ती मला नको होती.

मी तिच्या दारात गेलो. ती निशिगंध ओवत होती.

"सुनंदा, सहल राहिली बरं का. धर्मशाळावाले जागा नाही म्हणतात."

तिने मान वर केली. माझ्याशी बोलताना ती मान वर करत नसे, म्हणून मला ते लक्षात आहे.

"मंग दुसरी पाहू."

"आता एवढ्यात कुठली मिळते. सगळ्यांचाच उत्साह गेला. पुढच्या वर्षी करू."

"फोन तुमीच केला होता ना, काकाजी?"

"मीच केला होता."

"मंग झालं," ती म्हणाली. तिला विचारायचे होते ते एवढेच. दुसऱ्या कोणी सांगितले असते तर तिने त्या बँकेतल्या बाईंकडून खातरजमा करून घेतली असती. माझे तिने तसेच घेतले. थोड्या वेळाने दोरा ओढत म्हणाली, "पोरांले काय सांगू?"

"माहेरी जाऊन ये. ते दिवस रिकामेच आहेत तुझे."

हेही मीच सुचवले. ती गल्लीत नसावी म्हणून.

तिची वर्गणी मी तिथल्या तिथे परत केली आणि त्याच पायाने देवरावांकडे जाऊन सांगितले की सुनंदा नाही म्हणते. पैसे परत मागितले, तिला माहेरी जायचे आहे. देवराव म्हणाले, "कमाल हाय! सारं करून ऐनवेळी?" मी म्हणालो, तिला बोलू नका, तिला आधीच वाईट वाटते आहे. तिच्यासमोर सहलीचा विषयच नको. ग्रुपही मी नवा करायला लावला, तिला वाईट वाटू नये म्हणून. सगळ्यांना मी फार समजूतदार वाटलो. खरे काय ते फक्त शकुंतलेला माहीत होते. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि मग नातवंडांसाठी शंकरपाळे करायला बसली.

सहल फार छान झाली.  आणि ती झाली सुनंदाच्या आवाजावर. गाडीत बसल्यापासून प्रीतीने जुन्या ग्रुपमधले तिचे निरोप लावायला सुरुवात केली. कल्याणला गर्दीत सगळे भांबावले, तेव्हा मोबाइलमधून आवाज आला, "आधी मानसं मोजाची. मंग बॅगा." आम्ही माणसे मोजली. अविनाशच्या धाकट्याने विचारले, "ही कोण बोलते?" प्रीती म्हणाली, "हाय एक बाई. येनार होती, आली नाई." अविनाश माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाबा, तुमचं टीमवर्क भारी आहे." नातवंडांनी दर्यापूरची परीक्षा दिलेली नव्हती. रस्ताभर दोघांना ओकाऱ्या झाल्या. शकुंतला पुढच्या शिटवर बसली होती, तिला काही झाले नाही.

समुद्र पाहून आमची माणसे आधी गप्प झाली आणि मग हात जोडून उभी राहिली. आम्ही वऱ्हाडातली. एवढे पाणी दिसले तर त्याचे काय करायचे ते आम्हाला माहीत नाही, म्हणून आम्ही पूजा करतो. देवराव लाटेला अक्षता वाहत होते. बायकांनी खण-नारळ वाहिला. आणि शकुंतलेने, काशीहून गंगा आणावी तसे, तांब्याच्या गडूत समुद्राचे पाणी भरून घेतले आणि झाकण मेणाने बंद केले. जीपवाला तोंड फिरवून हसत होता.

ते पाणीच पुढे सगळ्याला कारण झाले. पाणी आणले म्हणजे ते तीर्थ. तीर्थ आणले म्हणजे यात्रा झाली. यात्रा झाली म्हणजे मावंदे घातले पाहिजे, गल्लीला जेवण. मी म्हणालो, ही सहल होती, यात्रा नव्हे. शकुंतला ऐकेना. देवरावांकडच्यांनीही उचलून धरले. आणि मावंद्याचा आमच्याकडचा नियम असा की गल्लीतले एकही घर वगळायचे नाही, भांडण असले तरी बोलावायचे. तोवर सुनंदा माहेरून परत आली होती. तिच्या दारात अक्षता घेऊन प्रीती गेली. मी आत पलंगावर बसून होतो. समोरचे बोलणे ऐकू येत होते.

"उद्या मावंदं हाय, पोरांले घेऊन या."

"कायचं मावंदं?"

"आमी जाऊन आलो ना समुद्रावर. तुमी तं फिरल्या ऐनवेळी."

प्रीतीच्या चपला पुढच्या दाराकडे गेल्या. मला वाटले ती आता धावत येईल, ओरडेल. मी दाराकडे पाहत बसलो. ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली, दोन्ही पोरांना घेऊन. धुतलेली साडी, तेजूच्या वेणीत अबोली. पंगत आमच्या अंगणात होती. जेवणाआधी शकुंतला प्रत्येकाच्या हातावर तीर्थ घालत होती. सुनंदापाशी आल्यावर तिच्या हातून जरा जास्तच पाणी पडले. ओमने पटकन पिऊन टाकले आणि तोंड वाकडे केले. "आई, खारट हाय! हे समुद्राचं हाय?"

सुनंदा हाताच्या ओंजळीत पाहत होती. तीर्थ जमिनीवर सांडत नाहीत. तिने ते प्यायले आणि हात पदराला पुसला.

मी वाढायला उतरलो होतो, माझ्या हातात बुंदीचे पातेले. तिच्या पानापाशी वाकलो आणि तेवढ्यात पंगतीतून कोणी तरी म्हणाले, "सुनंदाबाई, तुमी काहून नाई आल्या हो? आमी तुमचेच मेसेज ऐकत ऐकत गेलो."

ती माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाली, "काकाजी सांगतीन."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. अविनाश पुण्याला परत गेला होता. ज्याच्यापासून लपवायचे असा कोणी उरला नव्हता. तेव्हाही मी बोलू शकलो असतो. मी म्हणालो, "तिला माहेरी जायचं होतं. आई बरी नव्हती तिची."

सुनंदाने पानावर आडवा हात धरला. मला बुंदी वाढू दिली नाही. पानात आधी वाढलेले तिने सगळे खाल्ले, ओमलाही टाकू दिले नाही. तेजू मात्र जेवली नाही. ती माझ्याकडे पाहत होती, खांदे ताठ करून. तिला सगळे कळले होते. तेराव्या वर्षी माणसाला कळते.

उठताना सुनंदाने विचारले, "काकाजी, आंघोळीचं पानीबी असंच खारट होतं का?"

"थोडं."

"मंग गोड पान्याचा डबा न्यायले पायजे होता. ते राह्यलं सांगाचं." असे म्हणून तिने हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या दारात उभी होती. "किल्ली द्या," म्हणाली. काकाजी म्हणाली नाही. मी खिळ्यावरची किल्ली काढून दिली. पुढे ती वर्षभर समोर राहिली. हार ओवायला आत बसू लागली. ओमला ताप आला तर त्याला शालीत गुंडाळून एसटीने बाजारात नेई. गल्लीत तिच्याबद्दल चालू झालेली ती थट्टा तिच्या कानावर गेलीच असणार. तिने कोणापुढेही खुलासा केला नाही. मावंद्याच्या दिवशी तिने जे सांगायचे ते मला सांगायला सांगितले होते, आणि मी ते सांगितले नव्हते.

मग समोरच्या खोल्या सोडून ती अमरावतीला फुलबाजाराजवळ राहायला गेली. शेवटचे पाहिले ते बडनेरा स्टेशनवर, पुढच्या उन्हाळ्यात. मी कोणाला तरी पोहोचवायला गेलो होतो. मुंबईकडची गाडी यायची होती. बाकड्यावर सुनंदा, तेजू आणि ओम बसलेले. पायाशी मोठी बॅग, त्यावर पाण्याचा पांढरा डबा, झाकणाला फडके बांधलेला. माझ्या छातीत एकदम हलके झाले. गेली बिचारी, मला वाटले, एकटीच का होईना, निघाली.

मी जवळ गेलो. "समुद्रावर का, ओम?"

"हो!" ओम उडी मारून म्हणाला. "बाबा नेऊन राहिले. खरंच नेऊन राहिले या वर्षी. अकोल्याहून गाडी केली त्याहिनं."

मी सुनंदाकडे पाहिले. ती डब्याचे फडके घट्ट करत होती. "मी अकोल्यापर्यंतच हावो," ती म्हणाली. "पोचवून येतो वापस."

 तिचे पाण्याची बाटली भरायचे राहिले असावे, नळाकडे पाहून ती उठली. मी म्हणालो, "जा, भरून आण. सामानाकडे मी पाहतो."

ती थांबली. ही बाई आपली पोरे, आपले घर, वर्षाची कमाई माझ्या दारात टाकून जायची.

"नाई," ती म्हणाली. "तेजू, बॅगेवर बस."

तेजू उठून बॅगेवर बसली आणि तिने पट्टा मनगटाला गुंडाळून घेतला. ती आता आईपेक्षा उंच झाली होती. सुनंदा बाटली भरून आली, गाडी आली, तिने आधी पोरे मोजली, मग बॅगा मोजल्या, मग चढली. मी तिथेच उभा होतो. तिघांना खिडकीची जागा मिळाली.

गाडी सुटायच्या आधी मला काचेतून दिसत होते. ती पोरांना काहीतरी समजावत होती. तिने आपला तळहात मांडीवर उपडा ठेवला, हळूहळू पुढे सरकवत गुडघ्यापर्यंत नेला आणि मग तसाच सावकाश मागे ओढून घेतला. ओम पाहत होता. तिने पुन्हा हात पुढे नेला, बोट दाखवून काही सांगितले, लाट इथपर्यंत येते, त्याच्या पुढे उभे राहायचे नाही, असे असावे, आणि हात पुन्हा मागे घेतला. गाडी हलली तरी तिचा हात तसाच पुढे-मागे होत होता.